छावणीतली हिमनदी

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीवर. पोत्यात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली लादी, आणि तिच्यातून टोच्याने उडवलेले तुकडे. तेवढ्या भांडवलावर या माणसाने हिमनदी हा विषय असा धरला होता, की ऐकणाऱ्याला वाटावं यांचं आजोळच तिच्या काठावर आहे.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा नवखा होतो आणि माझं डोकं लवकर तापायचं. शाळा सहकारी साखर कारखान्याची. कारखान्याच्या वसाहतीत पत्र्याच्या दोन खोल्या आम्हा दोघांना मिळून दिलेल्या. सरांची बायको-मुलं युसूफ वडगावला शेती सांभाळून असत, सर शनिवारी संध्याकाळी तिकडे जात आणि सोमवारी पहिल्या घंटेला परत येत. आमच्याकडे शिक्षक एकमेकांना विषयाच्या नावानेच हाक मारत. ते मला 'मराठी' म्हणत, मी त्यांना 'भूगोल'. गावात मात्र त्यांचं नाव 'बर्फाचे सर'.

संध्याकाळी आम्ही फिरत फिरत स्टँडवरच्या रसवंतीपर्यंत जायचो. मी रस प्यायचो, सर लादी बघायचे. एकदा त्यांनी घरून तार नेली, तिच्या दोन टोकांना दोन दगड बांधले आणि रसवाल्याच्या लादीवर ती आडवी टाकली. तार हळूहळू बर्फात उतरत गेली, खालून बाहेर पडली आणि दगड धपकन जमिनीवर आले. लादी मात्र अखंडच. सरांचा चेहरा लग्न ठरलेल्या मुलासारखा झाला.

"बघा मराठी! दाबानं खालचं पाणी झालं, तार पुढं गेली, मागं परत बर्फ. कापलं आणि जोडलंसुद्धा!"

रसवाला म्हणाला, "सर, रस घेनार हाय का? न्हाई तर दगडं उचला. गिऱ्हाइकाला वाटंल म्या लादीत काय घालतोय."

सरांनी दगड उचलले. रस काही घेतला नाही. थंड प्यायलं की त्यांचे दात ठणकायचे.

पुस्तकात हिमनदीला जेमतेम दीड पान होतं. सर दिवाळीनंतर त्या दीड पानात शिरत आणि बाहेर यायचं नावच घेत नसत. वारे, पिकं, खनिजं, लोकसंख्या, सगळं परीक्षेच्या तोंडावर धडाधड उरकलं जाई. आमच्या पोरांना काळी माती कशी तयार होते ते धड सांगता यायचं नाही, पण हिमनदीच्या तोंडाशी दगडगोट्यांचा बांध कसा साचतो हे ती झोपेतून उठवलं तरी सांगत. पालक यायचे. "सर, पोरगं घरी येऊन बर्फाचं सांगतंय. हितं हापशाला पानी न्हाई." सर त्यांना बसवून घेत आणि त्यांनाही हिमनदी सांगत. पालक पुन्हा यायचे नाहीत.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी सातवीतल्या एका मुलाला उभं केलं आणि नदीची कामं विचारली.

मुलगा म्हणाला, "कोणच्या नदीची साहेब? पान्याची का बर्फाची?"

"अरे, पाण्याची."

"ती आमी बघितली न्हाई साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सिंदफणा नदीचं कोरडं पात्र होतं आणि त्यात बैलगाड्या चाललेल्या. हेडमास्तरांनी मागाहून सरांना फैलावर घेतलं, तर सर म्हणाले, "पोरगं खरं बोललं, यात माझं काय चुकलं?" मला त्यांची ही पद्धत अजिबात आवडत नसे. माणसाने निदान ओशाळल्यासारखं तरी दाखवावं.

पण शिकवायचे मात्र असे, की मीच माझा तास सोडून दाराशी उभा राहायचो. हिमनदी कशी होते हे सांगायला ते पोरांना सहकारी जिनिंगवर घेऊन गेले होते. तिथे कापसाचे ढीग पडलेले असतात आणि शेजारच्या शेडमध्ये दाबून त्याच्या गाठी करतात. सरांनी प्रत्येकाला आधी मूठभर मोकळा कापूस हातात घ्यायला लावला, मग गाठीवर गुद्दा मारायला लावला. पोरं हात झटकायला लागली.

"कापूस तोच," सर म्हणाले. "नुसतं ओझं पडलं. लई उंचावर, जिथं उन्हाळ्यात सगळा बर्फ वितळत नाही, तिथं ह्या वर्षीचा मागच्या वर्षीच्यावर पडतो. वरच्यानं खालचा दबतो. हवा निघून जाते. आधी भुसभुशीत, मग साखरेसारखे दाणे, मग दाण्याला दाणा चिकटून दगड. निळा दगड."

"निळा कावून सर?"

"एवढा दाट झाला, की उजेडातला लाल रंग तोच पिऊन टाकतो. मग आपल्याला निळा उरतो."

"पन दगड झाला मंग चालतो कसा?"

हा प्रश्न आला की सरांना जिलेबी मिळाल्यासारखं व्हायचं. त्याचं उत्तर आमच्या खोलीवर तयार होत असे आणि ते माझ्या गुळातून. पत्र्याची एक पन्हळ त्यांनी तिरपी करून उन्हात ठेवली होती, तिच्यात वरच्या टोकाला माझी गुळाची ढेप कोंबायची आणि तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषेत आगकाड्या रोवायच्या. आमच्याकडचं ऊन. दुपारपर्यंत ढेप मऊ पडायची, हलताना दिसायची नाही, पण संध्याकाळी पोरांना बोलावून बघावं तर काड्यांची सरळ रेघ धनुष्यासारखी वाकलेली. कडेच्या काड्या जवळपास जागच्या जागी, मधल्या पुढे. "कड भिंतीला घासते, म्हणून मागं राहते. मधलं मोकळं, ते पुढं जातं. डोळ्याला दिसत नाही, पण चाललंय." हे 'डोळ्याला दिसत नाही, पण चाललंय' त्यांनी पुढे प्रत्येक गोष्टीला लावलं. माझ्या लग्नाच्या बोलण्यांनासुद्धा. ढेपेला मुंग्या लागायच्या आणि मी आरडाओरडा करायचो. सर माझं सगळं ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी नवी ढेप आणून द्यायचे आणि तीही पन्हळीत ठेवायचे.

हा काड्या रोवायचा नाद नंतर वाढतच गेला. बांधकामाच्या वाळूत, डब्यातल्या पिठात, उकिरड्यावरसुद्धा. हेडमास्तरांनी मागवलेल्या मुरमाच्या ढिगात त्यांनी खराट्याच्या काड्या लावल्या होत्या आणि शिपाई त्यांना रोज शिव्या देत उपटायचा.

त्यांना एकच खंत होती. आपल्या मुलखात हिमनदीचा ओरखडा नाही. बालाघाटाच्या कड्याकडे हात करून म्हणायचे, "हे सगळं आगीनं केलं मराठी. लाव्ह्याचे थर पडले आणि मग पाण्यानं कापले. पाणी कापतं ते असं," आणि दोन्ही तळवे मनगटाशी जोडून अरुंद घळ करून दाखवायचे. "हिमनदी असं करत नाही. ती पोटाशी दगड धरून खरवडत येते. दरीचा तळ रुंद करते, बाजू उभ्या करते. परातीसारखे खळगे कोरते. ती वितळून गेली की त्यात तळी राहतात. तळी!" हा शब्द ते असा म्हणायचे, की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना हिमालयात पाठवलं. गंगोत्रीपर्यंत गेले आणि पुढची पायवाट दरड पडून बंद. हिमनदी काही दिसली नाही. मी म्हटलं, आता माणूस खचणार. तर हे परत आले ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये राखी रंगाचं पाणी घेऊन. टेबलावर काचेचा ग्लास ठेवला, त्यात पाणी ओतलं आणि आम्हाला त्याच्याभोवती बसवून ठेवलं. बऱ्याच वेळाने तळाशी पिठासारखा बारीक गाळ बसला. "हे तिचं दळण आहे," सर म्हणाले. "खडक दळते ती. जात्याखाली एवढं बारीक येत नाही." शेजारच्या काकूंना तोवर हे गंगेचं पाणी आहे एवढंच कळलेलं. त्यांनी ग्लास उचलला, डोळ्याला लावला आणि दळणासकट पिऊन टाकला. सरांनी रिकामा ग्लास उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "ढवळून तरी प्यायचं."

मी हे हसत सांगतोय. त्या काळातही हसायचोच. पण छावणीच्या त्या उन्हाळ्याआधीचं माझं हसणं वेगळं होतं आणि नंतरचं वेगळं.

सर अजून नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी पाऊस असा गेला, की कारखान्याचं गाळपच झालं नाही. बॉयलर थंड, ऊस टाकायची गव्हाण रिकामी. फेब्रुवारीपासून कारखान्याच्या आवारात चारा छावणी उघडली. कुठून कुठून लोक जनावरं घेऊन आले, तलवाड्याकडचे, केजकडचे. बायका-माणसं जनावरांजवळच बाजेवर झोपत, तिथेच तीन दगडांवर भाकरी भाजत. चेअरमन साहेबांनी शाळेच्या शिक्षकांना छावणीच्या कामाला लावलं. माझ्याकडे टँकर आला आणि सरांकडे जनावरांच्या जागा लावून देणं.

आवारात झाड नावालाच. सावली फक्त एकीकडे होती. दोन गोदामांच्या उंच भिंतींच्या मधे मागच्या हंगामातल्या बगॅसचा डोंगर रचलेला होता. बगॅस म्हणजे ऊस पिळून उरलेला भुसा. तो डोंगर गोदामांच्याही वर गेलेला आणि दुपारनंतर त्याची सावली समोरच्या मोकळ्या जागेत लांबवर पडायची. साहजिकच अर्धी छावणी त्याच्या पायथ्याशी. जनावरांखाली अंथरायला भुसा लागायचा, तो लोक तिथूनच उपसत. आमच्याकडे कडब्याची गंजी उपसायची सवय असते तशी, हाताला येईल तिथून, म्हणजे खालून. गंजी आपली पुरुषभर उंचीची, तिला काही होत नाही. आणि जनावरांच्या पाण्याचे हौद मीच त्या सावलीत बांधून घेतलेले. सांडलेलं पाणी उतारानं ढिगाच्या बुडात जायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही.

सरांनी त्या ढिगावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, रोवल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. एका गोदामाच्या भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, दोरी धरून, सरळ रेघ. लोकांना वाटलं सरकारी मोजणी आहे. पुढच्या आठवड्यात एका सकाळी सर धावत माझ्याकडे आले. हा माणूस कधी धावत नसे. माझा हात धरून त्यांनी मला ढिगासमोर उभं केलं. तुराट्यांची रेघ वाकली होती. कडेच्या जागेवर, मधल्या हातभर पुढे.

"चालतोय," सर म्हणाले. त्यांनी ढिगाच्या बुडाकडे बोट दाखवलं. "खालचा आधार लोकांनी काढला आणि बुडात तुमचं पाणी गेलं. हिमनदी अशीच घसरते मराठी, बुडात पाणी शिरलं की. पण ती सावकाश येते. हा भुसा आहे. हा एकदम येईल."

आम्ही दोघं चेअरमन साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाईट माणूस नव्हता तो.

"सर, बगॅस हाय ते. हिमालय न्हाई. दर सालाला रचतो आमी."

"दर साली खालून कुणी उपसत नाही साहेब. हौदही नसतात तिथं."

"मंग लोकांला उन्हात बसवू का? गाभण म्हशी हायत, म्हातारी बैलं हायत. एक जनावर दगावलं तर लोक मला फाडून खातील." थोडा वेळ पेपरवेट फिरवून ते म्हणाले, "तुमाला एवढं वाटतंय तर हौद बंद करा, लोकांला हलवा. पन जिम्मा तुमचा. माझं नाव घ्यायचं न्हाई."

मी त्यांना बाहेर आल्यावर म्हटलं, "भूगोल, तुम्ही गुळाच्या ढेपेवरून माणसं उन्हात काढताय." ते तडक हौदांकडे निघाले.

हौद हलवले, पण माणसं हलेनात. सर जागोजाग जाऊन सांगत होते आणि लोक हसत होते. "सर, बर्फ कुठंय हितं? असंल तर दोन खडे द्या की पान्यात टाकायला!" सगळ्यात पुढे, डोंगराच्या अगदी मुळाशी, तलवाड्याचे दगडूबाबा होते. सत्तरीचा ताठ माणूस, बैलजोडीवर जीव. मुलगा पुण्याकडे कामाला गेलेला, सोबत सून चंद्रकला. बाबा म्हणाले, "ह्या सावलीपायी माझी बैलं जगली. उन्हात काढली तर चार दिसांत आडवी व्हतील. तुमी भरून देनार का बैलं?"

सर म्हणाले, "नाही."

"मंग जावा."

चंद्रकला पदर सावरून मागे उभी होती. ती आमच्याच शाळेत शिकलेली, माहेर कारखान्याशेजारच्या वस्तीवरचं. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं. ती ढिगाकडे बघत होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "मधल्या पुढं आल्यात."

"हो."

"गुळाच्या काड्यांवानी."

"हो बाई."

तिने वाकून दावी सोडली आणि सासऱ्याच्या देखत दोन्ही बैल घेऊन आवाराच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या उन्हात निघून गेली. सून आजवर दगडूबाबांसमोर मान वर करून बोलली नव्हती. ते ओरडले, "अगं ए! माझी बैलं हायत ती!" ती थांबली नाही.

त्यानंतर बायका हलल्या. एकीचं बघून दुसरी. छावणीत निम्म्याहून अधिक तरुण बायका आमच्या शाळेच्या निघाल्या, कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांवरून त्या गावांत दिलेल्या. कुणी पाचवीपर्यंत, कुणी सातवीपर्यंत, पण त्या सगळ्यांनी ती पन्हळ पाहिली होती. नवऱ्यांनी शिव्या दिल्या, तरी त्यांनी जनावरं सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सावलीत फक्त दगडूबाबा आणि त्यांची बाज उरली. बैल गेले तर गेले, म्हणाले, मी हितून उठत न्हाई. सुनेच्या हातची भाकरीही त्यांनी परत पाठवली.

आणि ढीग पडेना.

पोती शिवून मांडव केले, पण ते ऊन पोत्यांना जुमानत नव्हतं. एक गाय तोंडाला फेस येऊन बसली. तिच्यावर पाणी ओतून ओतून तिला उठवलं. लोक आता हसत नव्हते. सर समोरून गेले की थुंकत. एकाने तर गळपटं धरलं, "कावून बे, कुठंय तुझी नदी?" मी मधे पडलो. सर त्याला म्हणाले, "धरा. पण तिकडं परत जाऊ नका."

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर ते चप्पल न काढताच भिंतीला टेकून बसले. मी भाकरी वाढली, ती तशीच राहिली.

"मराठी, मी आज दिवसभर काय करत होतो माहीत आहे? तो ढीग पडायची वाट बघत होतो. म्हातारा खाली बसलाय आणि मला वाटतंय पडावा. पडावा म्हणजे मी खरा ठरेन. कसला माणूस झालोय मी?"

मला त्यांच्यावर चिडायची इतकी सवय होती, की मायेने काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, "जेवा आधी." ते जेवले नाहीत.

सकाळी उठलो तर सर खोलीत नव्हते. छावणीत आलो. ते दगडूबाबांच्या बाजेवर, डोंगराच्या मुळाशी, मांडी घालून बसले होते. त्यांच्या डोक्यावर सगळा तो भुसा आणि त्यात मधल्या तुराट्या आता पुढे कलून लोंबत होत्या. मी लांबूनच ओरडलो, "भूगोल, उठा! तुम्हाला तर माहीत आहे ना!"

"म्हणून तर बसलो," ते म्हणाले. "ह्यांना माहीत नाही. ते बसले तर चुकून बसले. मी समजून बसलो तर त्यांना पटेल काहीतरी."

मी जवळ गेलो. आणि तिथे काय चाललं होतं? सर म्हाताऱ्याला हिमनदी सांगत होते. सुरुवातीपासून. कापूस, गाठ, निळा दगड, दळण. बाबा चिलीम न पेटवता हातात धरून ऐकत होते.

"पन मी ऐकलं हाय, त्या नद्या आता मागं चालल्या म्हून," बाबा म्हणाले. "मंग चालती का मागं हटती?"

"तोंड मागं हटतं बाबा, वितळतं म्हणून. तिचा बर्फ पुढंच चालत असतो. उलटं चालायला तिला येत नाही."

बाबांनी मान हलवली. "येडा हाय हा मास्तर," मला म्हणाले. "ह्याला न्या हितून. ह्याला लेकरंबाळं असतील."

"तुम्ही उठलात की मी उठतो."

"मी न्हाई उठत."

"मग सांगतो पुढं. तर त्या खळग्यांमधे तळी साचतात..."

इतक्यात चंद्रकला आली. पाण्याची कळशी कडेवर, चेहरा उन्हाने काळवंडलेला. तिने कळशी खाली ठेवली आणि बाजेजवळ जमिनीवर बसली. सरांकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडे पाहिलं नाही. पदर नीट केला आणि बसून राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. त्या पाहण्यात पहिल्यांदा मला भीती दिसली. स्वतःची नव्हती ती.

"मास्तर येडा हाय," ते म्हणाले आणि सुनेकडे वळले. "तू कावून आलीस?"

बाबा उठले. गुडघ्यावर हात देऊन, कष्टानं, पण उठले. सरांनी बाजेचं एक टोक धरलं, मी दुसरं, चंद्रकलेने कळशी उचलली. आम्ही चौघं त्या मोकळ्या उन्हात चालत निघालो. माझी मान मागे वळत होती आणि सर म्हणत होते, "बघू नका, चाला."

ढीग लगेच पडला नाही. कहाण्यांमध्ये पडतो तसा पाठ वळताच पडला असता तर माझा मीच विश्वास ठेवला नसता. दुपारी भाकरीच्या वेळेला पडला. आवाज मोठा नव्हता. गाडीतून कडबा ओतावा तसा एक लांब सरसर आवाज आला, आणि समोरच्या कडेचा अर्धा डोंगर मोकळा होऊन खाली आला, पसरत आला, जिथे बाज होती त्याच्या कितीतरी पुढपर्यंत. मग धुराळा. पिवळा, गोडसर वासाचा धुराळा, त्यात काही दिसेना.

सगळी छावणी उभी राहिली. बायका पोरांना नावानं हाका मारू लागल्या आणि हाकेला ओ येत गेली. सर एका मांडवातून दुसऱ्या मांडवात धावत होते, प्रत्येक तोंड बघत, प्रत्येकाला हात लावत. सगळीकडून फिरून माझ्यापाशी आले, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाले, "सगळे आहेत. मराठी, सगळे आहेत हो." आणि मोठ्याने रडायला लागले. मीही रडलो. एवढा हलका मी पुढे कधीच झालो नाही, ना लग्नात, ना पोरगी झाली तेव्हा. ज्याने गळपटं धरलं होतं तो पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि सरांपुढे धरून नुसता उभा राहिला.

चेअरमन साहेब आले, ढिगाकडे बघत राहिले. त्यांनी तिथेच हुकूम काढला, गोदामांचे दरवाजे उघडा आणि जनावरं आत बांधा. साखर नव्हतीच, गोदामं रिकामी होती. हे आधी कुणाच्याच डोक्यात कसं आलं नव्हतं, देव जाणे. गोदामं कारखान्याची, तिथे पोती असतात, जनावरं नव्हे, एवढंच आम्ही सगळे धरून बसलो होतो. सरसुद्धा.

लोकांनी जनावरं सोडली आणि गोदामांकडे एकच गर्दी झाली. दगडूबाबा दोन्ही दावी हातात धरून दाराशी उभे राहिले. आत कुठे कोपरा धरावा, कुठे वारा लागेल, त्यांना ठरवता येईना. चंद्रकला मागे होती, नेहमीसारखी चार पावलं मागे. बाबा वळले.

"चंद्रकला," ते म्हणाले. "बैलं कुठं बांधायची, तू सांग."

ती बावरली. तिने सरांकडे पाहिलं.

सर डोळे पुसत होते. "माझ्याकडं काय बघतेस?" ते म्हणाले. "त्यांनी तुला विचारलंय."

तिने सासऱ्याच्या हातातून दावी घेतली, गोदामाच्या आत एकवार नजर फिरवली आणि म्हणाली, "हितं नगं मामंजी. आत, त्या खिडकीपाशी." आणि बैल घेऊन पुढे झाली, बाबा तिच्या मागे.